मिरजेचा असून!

स्पॉटिफायवर एखादं गाणं ३० सेकंद वाजलं की ते 'ऐकलं' असं धरतात. एकोणतिसाव्या सेकंदाला कंटाळून पुढे सरकलात तर गाणाऱ्याच्या खात्यात शून्य. आणखी एक सेकंद कळ काढलीत तर तुम्ही श्रोते. हा नियम मी आमच्या घरमालक काकांना सांगितला तेव्हा ते दाढी करत होते. डावा गाल झाला होता. उजवा तसाच ठेवून त्यांनी हिशेब मांडायला घेतला. अतिविलंबित एकताल. मात्रा १२. एका मात्रेला चार-साडेचार सेकंद धरले तर आवर्तन पाऊण मिनिटाच्या पुढे. बुवा रंगात असतील तर मिनिटभर.

"म्हणजे सम यायच्या आधीच तुमचं ऐकून झालं?"

"हो. आणि मोजूनही झालं."

"आणि बुवा पंचवीस मिनिटं ख्याल गायले तर?"

"तरी एकच."

"आणि तुझा तो दोन मिनिटांचा बडबड्या?"

"त्याचंही एकच."

काकांचा उभा जन्म राष्ट्रीयीकृत बँकेत गेला. पंचवीस हजारांच्या ठेवीवर आणि दोन हजारांच्या ठेवीवर व्याजाची रक्कम सारखीच, हे ऐकून निवृत्त शाखाधिकाऱ्याचं जे व्हायचं ते झालं. उजव्या गालावरचा साबण वाळून गेला.

माझं मत असं की यात गाणाऱ्यांचा काही दोष नाही. मीटर असा लावल्यावर रिक्षा कुठून न्यायची हे रिक्षावाल्याला कळतंच. पूर्वीच्या सिनेमातल्या गाण्यात आधी व्हायोलिनं यायची, मग बासरी, मग नायिका झाडामागून यायची, आणि ती तोंड उघडेपर्यंत प्रेक्षक वेफर्स आणून जागेवर बसायचा. आता पहिल्या पाच सेकंदांत थेट मुद्दा. झाड नाही, बासरी नाही.

"मग आमच्या यमनाचेही तीस-तीस सेकंदांचे तुकडे करून विका!" काका गरजले.

"त्याला रील म्हणतात, काका."

काकांशी माझं असं चालतं, याला कारण माझं गाव. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा मिळवायची म्हणजे एमपीएससीची मुलाखत परवडली. बाहेरचं खाता का, रात्री किती वाजता येता, मित्र किती, मैत्रिणी किती, गिझर किती वेळ. या सगळ्यात मी काठावर पास होत होतो. शेवटी काकांनी विचारलं, "गाव?" मी म्हटलं, "मिरज." काका खुर्चीत पुढे सरकले. "मिरज?" असं म्हणून त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला, आणि भाडं न वाढवता खिडकीजवळची कॉट मला दिली.

मला तेव्हा कळलं नव्हतं की ही कॉट मला नाही, अब्दुल करीम खाँसाहेबांना मिळाली आहे. किराणा घराण्याचे हे उस्ताद मिरजेत राहिले, १९३७ साली गेले, आणि मिरजेच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे. दरवर्षी तिथे उरुसात मोठमोठे गवई हजेरी लावतात. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य आणि भीमसेन जोशी सवाईंचे. त्यात मिरज म्हणजे तंबोऱ्यांचं गाव. पंढरपूरकडचे भोपळे येतात, त्यांचे तंबोरे आणि सतारी होऊन देशभर जातात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारं घडवणारे आणि परजणारे. तलवारींचा धंदा बसल्यावर त्यांनी तारा हाती घेतल्या. आमच्या कॉलेजात स्टार्टअप सेलचे सर 'पिव्हट' या विषयावर तासभर बोलले, त्यात एकही उदाहरण इतकं चांगलं नव्हतं.

पण मिरजेत माणसं आणखी दोन कारणांनी येतात: ऑपरेशन करायला आणि गाडी बदलायला. आमचे आजोबा रेल्वेत होते. आमचा वंश गाडी बदलणाऱ्यांतला. घरात तंबोरा नव्हता, भोपळा होता, पण त्याचे घारगे व्हायचे. हे काकांना सांगून उपयोग नाही. त्यांच्या दृष्टीने मिरजेच्या नळाला किराणा घराणं येतं. त्यामुळे मी काहीही ऐकताना सापडलो की उंबऱ्यावरून एकच वाक्य येतं, "मिरजेचा असून!"

'गुलाबी साडी' लावलं, मिरजेचा असून. 'तांबडी चामडी' लावलं, मिरजेचा असून. या दुसऱ्या गाण्याच्या वेळी तर काका चष्मा लावून आले आणि म्हणाले, "ही मलमाची जाहिरात आहे का?" मी त्यांना सांगितलं की हे मराठी हाउस संगीत आहे, आणि २०२४ मध्ये ते स्पिनिन रेकॉर्ड्स या नेदरलँड्समधल्या मोठ्या कंपनीने काढलं. नेदरलँड्स म्हटल्यावर काका जरा नरमले. परदेशातून आलेलं मराठी सदाशिव पेठेत थोडं तपासून घेतात, पण घेतात.

रॅपच्या बाबतीत मात्र समेट नाही. एमसी स्टॅन हा पोरगा पुण्याचाच, ताडीवाला रोडचा. स्टेशनच्या पलीकडे गेलं की त्याची वस्ती. २०२३ च्या फेब्रुवारीत त्याने 'बिग बॉस' जिंकलं तेव्हा देशभरची पोरं जागी होती. काका जन्मापासून पुण्यात. ताडीवाला रोड त्यांनी फक्त रेल्वेच्या खिडकीतून पाहिला आहे. त्यांचा मुख्य आक्षेप असा की हा गडी गाण्यात सारखं स्वतःचं नाव घेतो. "नाव जाहीर करायला निवेदक असतो. गवयाने स्वतःचं नाव घ्यायचं नसतं."

इथे माझा अभ्यास कामी आला. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, आपल्याकडच्या अगदी पहिल्या रेकॉर्डांपैकी. त्यात गाणं संपलं की ती स्वतःचं नाव मोठ्याने सांगते, तेही इंग्रजीत. मी मोबाइलवर लावून दाखवलं. जुन्या तव्याची खरखर, तीन मिनिटांची तान, आणि शेवटी ठसक्यात नाव.

"काका, हा पहिला टॅग."

"ते तबकडी तयार करणाऱ्याला कळावं म्हणून!"

"याचंही तेच आहे. ऐकणाऱ्याला कळावं म्हणून."

शिवाय त्या तबकडीवर मावायचं किती? एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तीन मिनिटांतच राग उभे केले, काका अजून त्याच रेकॉर्डांवर डोळे मिटतात, आणि त्यांना कुणी उथळ म्हणत नाही. हे बोलून मी जिंकलो असं मला वाटलं. काका आत गेले, पाणी प्यायले आणि बाहेर येऊन म्हणाले, "तीन मिनिटं म्हणजे सहा वेळा तीस सेकंद. तू आधी एकदा तरी पूर्ण ऐक."

तरुणाईचं माध्यम, तरुणाईचं माध्यम असं लोक जे म्हणतात, ते नक्की कोण बघतं याचा शोध कुणीतरी घ्यायला हवा. आमच्या वाड्यात सर्वांत जास्त रील्स काकू बघतात. २०२० च्या जूनअखेरीला टिकटॉकवर बंदी आली आणि दहा दिवस होत नाहीत तोच इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केल्या. त्या दिवसापासून काकूंनी मान वर केलेली नाही. मटार सोलताना मोबाइल पातेल्याला टेकवलेला असतो आणि पुढच्या रीलसाठी त्या कोपराने स्क्रीन सरकवतात. एखादा ट्रेंड मला कॉलेजात कळावा आणि मी तो घरी सांगावा, तर काकू म्हणतात, "ते होय? तीन दिवस झाले त्याला. आता दुसरं चालू आहे." भाडिपा २०१६ मध्ये आलं ते आम्हा पोरांसाठी, त्यातल्या आईच्या गमती आता काकू मला पाठवतात आणि खाली लिहितात, 'तुझ्या आईला दाखव.'

आणि आम्ही तरुण काय ऐकतो? विविध भारती. कारण आमच्या खानावळीत तीच चालू असते. १९५७ च्या ऑक्टोबरपासून ती चालू आहे, आणि खानावळवाल्यांनी बहुधा तेव्हा लावली ती अजून बंद केलेली नाही. माझा रूममेट लातूरकर हा तलत महमूदचा आवाज पहिल्या सुरात ओळखतो, कारण तो आवाज म्हणजे त्याच्यासाठी दुसरी पोळी. आमच्या पिढीला जुनी गाणी माहीत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी महिन्याची मेस लावावी.

पॉडकास्ट हा आणखी एक प्रकार. दोन खुर्च्या, दोन माइक, मागे एक निळा आणि एक जांभळा दिवा, आणि दोन तास गप्पा. मला गंमत वाटते ती अशी की ज्या पिढीला तीस सेकंद बसवत नाही म्हणतात, तीच पिढी दोन-दोन तासांच्या या गप्पा ऐकते. अर्थात दीडपट वेगाने. पाहुणा आपल्या बालपणातल्या गरिबीबद्दल हुंदका देतो, तोही दीडपट वेगाने. काका एकदा दहा मिनिटं शेजारी बसले आणि म्हणाले, "आकाशवाणीवर अशा मुलाखती व्हायच्या. फक्त वेळ संपली की लाल दिवा लागायचा. यांचा दिवा बिघडलाय."

वेगाचा हा विषय आला म्हणून सांगतो, आमचं खरं शिक्षण दुप्पट वेगाने होतं. इंजिनिअरिंगच्या परीक्षेच्या आदल्या रात्री यूट्यूबवर सगळा विषय उरकायचा, तर २ एक्सशिवाय तरणोपाय नाही. पहिली दहा मिनिटं शिकवणारा चिमणीसारखा ऐकू येतो, मग कान बसतो. घोटाळा होतो तो सेमिस्टर सुरू झाल्यावर. आमचे डेटा स्ट्रक्चरचे सर १ एक्सवर चालतात. खरं तर पाऊण. "तर... मुलांनो... काल... आपण..." इथे माझा अंगठा बाकावर आपोआप उजवीकडे सरकतो. सर म्हणतात, "बाक काय घासतोस?" त्यांना कसं सांगणार की मी त्यांना पुढे ढकलतोय.

आणि हीच आम्ही मंडळी संध्याकाळी खोलीवर येऊन गाणी मात्र मंद करून ऐकतो. 'स्लोड अँड रिव्हर्ब' म्हणतात त्याला. चांगलं वेगात म्हटलेलं गाणं घ्यायचं, त्याचा वेग उतरवायचा, आवाजाला घुमारा द्यायचा आणि पंखा बघत पडायचं. गाणी अशी मंद करण्याचा नाद १९९० च्या दशकात अमेरिकेत ह्यूस्टनला डीजे स्क्रू नावाच्या माणसाने लावला. सदाशिव पेठेत पोचायला वेळ लागला, पण पोचला. एका पावसाळी संध्याकाळी आमचं असं चालू होतं. लातूरकरने दिवा घालवला होता. काका दाराशी उभे.

"हे काय? आडातून गातोय का कुणी?"

"मुद्दाम संथ केलंय, काका. शांत वाटतं."

"संथ केलंय?" काका आत आले आणि चक्क माझ्या कॉटवर बसले. "म्हणजे बोलणं तुम्हाला दुप्पट वेगाने हवं आणि गाणं निम्म्या वेगाने. अरे, मग याला आमच्याकडे विलंबित म्हणतात! फुकट मिळतं! त्यासाठी दुसऱ्याचं गाणं मोडावं लागत नाही!"

त्या दिवशी काका जिंकले हे मी मान्य करतो. तेव्हापासून ते आमच्या खोलीवरून जाताना "काय, विलंबित चालू का?" असं विचारून जातात, आणि लातूरकर आतून "द्रुतला वेळ आहे, काका" असं उत्तर देतो.

दहाव्या शतकात डेन्मार्कला हॅराल्ड नावाचा राजा होऊन गेला. त्याचं टोपणनाव ब्लूटूथ. त्याने माणसं जोडली म्हणून यंत्रं जोडणाऱ्या तंत्राला त्याचं नाव दिलं, आणि ती निळी खूणसुद्धा त्याच्या नावाच्या आद्याक्षरांची आहे. त्या राजाने आमच्या अभ्यासिकेत जे केलं ते त्याच्या शत्रूंनीही केलं नसेल. पेठांमधल्या अभ्यासिका ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांना तिथली शांतता सांगून कळणार नाही. खोलीभर टेबलं, प्रत्येक टेबलाला प्लायवूडचे पडदे, आणि आत एकेक भावी तहसीलदार. पान उलटलं तरी लोक बघतात. आमच्या पलीकडे एक गृहस्थ बसतात. त्यांच्या टेबलावर 'कृपया बोलू नये' अशी पाटी त्यांनी स्वखर्चाने लावली आहे. एका दुपारी त्यांनी कानात इअरबड्स घातले, मोबाइलवर बोट टेकवलं आणि राज्यघटनेच्या अभ्यासातून पाच मिनिटांची सुट्टी घेतली. इअरबड्स जोडलेच गेले नव्हते. 'झिंगाट' पूर्ण आवाजात सुरू झालं.

त्यांच्या कानात बोंडं असल्यामुळे आवाज बाहेर येतोय हे त्यांना कळेना. ते मान डोलावत होते. सगळी अभ्यासिका उठून त्यांच्याकडे बघत होती, आणि तीन टेबलं सोडून एका पोराचा पाय त्याच्याही नकळत ठेका धरत होता. 'सैराट' आला २०१६ मध्ये, त्याच वर्षी जिओ आलं, आणि महाराष्ट्रात त्यानंतर हे गाणं कुठे वाजू शकणार नाही असं ठिकाण राहिलंच नव्हतं. एक अभ्यासिका होती, तीही गेली.

यंत्रांनी गाणं जोडतात तसंच हल्ली यंत्राकडून गाणं करूनही घेतात. लातूरकरचा हा जोडधंदा आहे. मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं गावात एकही नगरसेवक उरला नाही. जो तो माजी नाही तर भावी. भावींचे वाढदिवस असतात, वाढदिवसाला गाणं लागतं. पूर्वी त्यासाठी कवी, गायक, स्टुडिओ आणि उधारी एवढं सगळं लागायचं. आता लातूरकर मोबाइलवर चार ओळी टाकतो: ढोल-ताशा, मोठा ऑर्केस्ट्रा, रांगडा पुरुषी आवाज, शौर्य, थोडी माया. चहा येईपर्यंत गाणं तयार. दोन पर्याय मिळतात. भावींना दोन्ही आवडतात.

एकदाच पंचाईत झाली. यंत्राला 'ळ' येईना. 'तळमळीचा कार्यकर्ता' या ओळीत ते दर वेळी 'तलमलीचा' म्हणे. लातूरकरने नऊ प्रकारे लिहून पाहिलं. शेवटी तो घाबरत घाबरत गिऱ्हाइकाकडे गेला. गिऱ्हाइकाने गाडीत बसून गाणं ऐकलं, काचा थरथरल्या, आणि तो म्हणाला, "ळ-बिळ राहू दे. बेस किती आहे ते बघ." ते गाणं दोन दिवस चौकात वाजत होतं आणि एकाही मतदाराने तक्रार केली नाही. सदाशिव पेठेत वाजलं असतं तर पाटी लागली असती.

काकांनी ते ऐकलं. तलमलीवर ते अपेक्षेप्रमाणे उसळले, मग थांबून म्हणाले, "सुराला मात्र पक्का आहे हो." मी म्हटलं, आता सगळेच पक्के असतात. माणूस गायला तरी ऑटोट्यून त्याला ओढून सुरावर बसवतं. हे ऑटोट्यून १९९७ मध्ये अँडी हिल्डेब्रँड यांनी काढलं, आणि त्याआधी ते तेल कंपन्यांसाठी जमिनीखालच्या लहरींचं गणित करायचे. जमिनीत आवाज सोडायचा, परत आलेल्या लहरींवरून खाली तेल आहे का ते ओळखायचं. तेच गणित पुढे गळ्याला लावलं.

"म्हणजे तेल शोधायला गेले," काका म्हणाले, "आणि बेसूर सापडले."

पण यंत्राने गाण्याचा घात केला हे काकांचं भाषण मी पूर्ण होऊ दिलं नाही, कारण दिवाणखान्याच्या कोपऱ्यात गवसणी घालून उभा असलेला मिरजेचा तंबोरा मला दिसत होता. तो लावायला अर्धा तास जातो म्हणून काका पहाटे त्याला हात लावत नाहीत. ते बेंगळुरूच्या कंपनीचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावायचे. १९७९ पासून ही पेटी मिळते. आता तीही कपाटावर गेली आहे आणि काका मोबाइलवरच्या ॲपवर रियाज करतात. सारेगमाच्या मध्ये एकदा काकूंचा गुड मॉर्निंगचा मेसेज वाजतो. मी गवसणीकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "काका, मिरजेचा असून?"

काका हसले नाहीत. पण संवादिनीचा विषय त्यांनी स्वतःच काढला. पेटी आली परदेशातून, तिच्यावर मींड निघत नाही, म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये तिला दारच बंद केलं. सत्तरच्या दशकापर्यंत ते बंद होतं. "आणि आज पेटीशिवाय ख्यालाची मैफल दाखव," काका म्हणाले. मी म्हटलं, मग ऑटोट्यूनलाही तीस वर्षं द्या. काका म्हणाले, "मी तोवर नसेन. पण पेटीवरची बंदी बरोबर होती." काका स्वतः उत्तम पेटी वाजवतात.

आता आजीची गोष्ट. आमच्या घरचं स्पॉटिफायचं एकच खातं, माझं. आजीच्या मोबाइलवरही मीच ते लावून दिलं, हरिपाठासाठी. त्याचा पहिला परिणाम डिसेंबरात दिसला. वर्षभर तुम्ही काय ऐकलंत याचा रंगीबेरंगी हिशेब ते ॲप देतं आणि पोरं तो सगळ्यांना दाखवत फिरतात. वर्गातल्या मुलामुलींच्या यादीत कोरियन मुलं, कॅनडातले पंजाबी, कुणी ब्रिटिश बँड. माझ्या यादीत पहिल्या नंबरावर बाबामहाराज सातारकर. मी ते लपवलं नाही. उलट कॉलेजात मला थोडं वजन आलं, एक मुलगी म्हणाली, "तू खूप रूटेड आहेस." आजीची कृपा.

दुसरा परिणाम जास्त गंभीर. एका खात्यावर एका वेळी एकाच ठिकाणी गाणं वाजतं. मी सहा वाजता जिमला जातो आणि मिरजेत आजी सहा वाजता हरिपाठाला बसते. मी बारबेल उचललेली असताना कानातलं गाणं बंद पडतं आणि स्क्रीनवर येतं: दुसऱ्या डिव्हाइसवर चालू आहे. एके दिवशी वजन छातीवर असताना असं झालं. मी एका हाताने घाईघाईत पुन्हा प्ले दाबलं. गाणं सुरू झालं, पण माझ्या कानात नाही. मोबाइलने इमानदारीने आजीचाच फोन पकडून ठेवला होता. त्या दिवशी एकादशी. आजीच्या भोवती गल्लीतलं अख्खं महिला भजनी मंडळ, फोन मोठ्या स्पीकरला जोडलेला, आणि बाबामहाराजांच्या मागोमाग ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन, त्याच्या सगळ्या शब्दसंपत्तीसह.

मी फोन केला तेव्हा आजी शांत होती. बायकांना शब्द कळले नव्हते म्हणाली, हिंदी फार भरभर होतं. एकीला ते गुजराती कीर्तन वाटलं. आजीने स्वतः मात्र शेवटपर्यंत ऐकलं होतं, म्हणजे ३० सेकंदांच्या बरंच पुढे. त्या पोराच्या खात्यात मिरजेच्या भजनी मंडळाकडून एक स्ट्रीम जमा आहे. तिचं मत मी विचारलं.

"घसा बसलाय रे त्याचा," आजी म्हणाली. "ज्येष्ठमध धर म्हणावं तोंडात."

रॅपवरचं इतकं नेमकं परीक्षण मी कुठल्या पॉडकास्टमध्ये ऐकलेलं नाही. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "बघ. याला म्हणतात मिरजेचा कान."

गेल्या डिसेंबरात काका मला सवाई गंधर्वला घेऊन गेले. भीमसेनजींनी १९५३ मध्ये गुरूच्या आठवणीसाठी सुरू केलेला हा महोत्सव आता मुकुंदनगरला भरतो. पूर्वी रात्रभर चालायचा, पहाटे भैरवी व्हायची, हे काकांनी मला रिक्षात दोनदा आणि फाटकाशी एकदा सांगितलं. आता आवाजाचे नियम आहेत. सूर्य उगवायच्या आत तर सोडाच, अमृततुल्य बंद व्हायच्या आत लोक घरी असतात. भारतीय बैठकीत आम्ही सतरंजीवर जागा धरली. विलंबित सुरू झालं. मी काकांच्या नकळत मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. तिसाव्या सेकंदाला गायिका खरोखरच समेच्या आसपासही नव्हत्या. पुढे कधीतरी मी ते बघायचं सोडलं, आणि त्यानंतर माझा डोळा लागला. जागा झालो तेव्हा द्रुत चालू होतं, टाळ्या पडत होत्या आणि माझ्या अंगावर काकांची शाल होती. मी ओशाळलो. काका म्हणाले, "भरल्या तंबोऱ्यात झोप लागली म्हणजे तंबोरा लागला होता. घोरत मात्र तू पट्टीबाहेर होतास."

तर माझं मत विचाराल तर विलंबित चांगलं आहे. स्लोड अँड रिव्हर्बपेक्षा महाग पडतं, कारण तिकीट आणि वडापाव धरावा लागतो, पण चांगलं आहे. रॅपही चांगलं आहे. आजीसमोर नको. आणि यंदा सवाईला येणार असाल तर एक विनंती: फोन नुसता सायलेंटवर टाकू नका, ब्लूटूथही बंद करा. आमच्यापुढच्या रांगेतले आजोबा श्रवणयंत्रावर नातवाचं क्रिकेट ऐकत होते, आणि मध्यंतरापर्यंत आम्ही समजत होतो की ते दाद देताहेत.